मुद्दलाला हात न लावता

१८३७ साली इंग्लंडमध्ये दोन तरुण मुलींना मोठा वारसा मिळाला. जूनमध्ये १८ वर्षांची व्हिक्टोरिया गादीवर आली. ऑगस्टमध्ये सेंट ऑल्बन्सची डचेस वारली, तिचं मृत्युपत्र उघडलं गेलं आणि २३ वर्षांच्या अँजेला बर्डेटच्या वाट्याला सुमारे १८ लाख पौंड आले. व्हिक्टोरियाला राज्य मिळणार हे लोकांना ठाऊकच होतं. अँजेलाला काही मिळेल असं मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सहा भावंडांतलं ते शेंडेफळ. वर चार बहिणी, एक भाऊ. एका वर्तमानपत्राने तर बसून हिशोबच केला. एवढ्या रकमेच्या सोन्याच्या नाण्यांचं वजन १३ टन भरेल आणि ती एकापुढे एक मांडली तर रांग २४ मैलांपर्यंत जाईल!

हा पैसा होता थॉमस कूट्सचा. लंडनच्या स्ट्रँडवरची कूट्स बँक म्हणजे उमरावांची आणि खुद्द राजघराण्याची पेढी. थॉमसने तरुणपणी भावाच्या घरातल्या दाईशी लग्न केलं होतं. तिच्या तिन्ही मुली बापाच्या पैशाच्या जोरावर मोठ्या घरांत पडल्या. त्यांतली सोफिया सर फ्रान्सिस बर्डेटला दिली होती. हा गृहस्थ म्हणजे पार्लमेंटातला नावाजलेला बंडखोर. १८१० मध्ये सभागृहाशी भांडून तो टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगातही जाऊन आला होता. अँजेला ही त्यांची धाकटी मुलगी.

१८१५ मध्ये थॉमसची बायको गेली आणि थोड्याच दिवसांत, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्याने हॅरियट मेलन या ३७ वर्षांच्या नटीशी लग्न लावलं. मुली भडकल्या. आपली आई कोण होती हे त्या सोयीस्करपणे विसरल्या होत्या. म्हाताऱ्याने त्याची नीट नोंद घेतली असावी, कारण १८२२ मध्ये मरताना त्याने बँकेतल्या आपल्या अर्ध्या हिश्श्यासकट सगळं हॅरियटच्या नावावर केलं. पुढे हॅरियटने आपल्याहून २३–२४ वर्षांनी लहान असलेल्या सेंट ऑल्बन्सच्या ड्यूकशी लग्न केलं आणि एकेकाळी फिरत्या नाटक मंडळीत वाढलेली ही बाई डचेस झाली. पण हा पैसा कूट्सचा आहे आणि तो कूट्सच्या रक्ताकडेच परत गेला पाहिजे, हे तिच्या मनात पक्कं होतं. नातवंडांकडे ती वर्षानुवर्षं बारकाईने पाहत राहिली आणि शेवटी या सावत्र आजीने शांत, वाचनवेड्या, आपल्याबरोबर प्रवासाला येणाऱ्या धाकटीला निवडलं.

मृत्युपत्रात अटी होत्या. अँजेलाने कूट्स हे नाव लावायचं. उत्पन्न हयातभर तिचं, पण मुद्दल विश्वस्तांच्या ताब्यात. अर्धी बँक तिच्या नावावर, तरी बँकेच्या कारभारात तिने लक्ष घालायचं नाही. आणि परदेशी माणसाशी लग्न केलं तर वारसा गेलाच. या शेवटच्या कलमामागे हॅरियटचा एक जुना राग होता. तिच्या लाडक्या नातवाने, डडली स्टुअर्टने, नेपोलियनच्या भावाच्या मुलीशी लग्न केलं होतं. त्या रागाचं ओझं ४४ वर्षं अँजेलाच्या डोक्यावर राहिलं.

श्रीमंत स्त्रिया इंग्लंडमध्ये तेव्हा पुष्कळ होत्या. पण त्यांचा पैसा बहुधा नवऱ्याचा असे. लग्न झालं की बायकोची रोकड, दागदागिने, कमाई कायद्याने नवऱ्याकडे जाई. वकिलांकडून वेगळा दस्तऐवज करून घेतला तरच काही वाचवता येई. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ही स्थिती बदलली, तोवर अँजेलाचं बहुतेक आयुष्य सरून गेलं होतं. तेव्हा आपलं उत्पन्न आपल्या मर्जीने खर्चायचं तर अविवाहित राहणं हाच सरळ मार्ग होता. बँकेच्या भागीदारांच्या बैठकीत तिला जागा नव्हती, मतदानाचा हक्क नव्हता, विद्यापीठाचं दार बंद होतं. पण एक चेक लिहिला की बिशपपासून मंत्र्यापर्यंत सगळे टोप्या काढून उभे. या विसंगतीत तिचं कर्तृत्व घडलं आणि तिच्या मर्यादाही तिथूनच आल्या.

पिकॅडिलीजवळ १, स्ट्रॅटन स्ट्रीट हे हॅरियटचं घर तिला मिळालं. बाई घरी असल्या की खिडकीत चिनी मातीचा पांढरा काकाकुवा टांगलेला दिसे. तो दिसला की दारावर रांग लागे. त्यात मागणारे असत, तसे मागणी घालणारेही. त्यातल्या एकाची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रिचर्ड डन नावाचा एक दिवाळखोर आयरिश बॅरिस्टर वर्षानुवर्षं तिच्या पाठीमागे फिरत होता. ती जिथे जाई तिथे हा हजर. तुरुंगात जाऊन सुटला की पुन्हा सुरू. एकदा तर त्याने दावा लावला की बाईंनी आपल्याला कविता लिहून पाठवली असून तीत बँकेतून एक लाख पौंड काढायची परवानगी दिली आहे. कविता त्याची स्वतःचीच होती आणि फारशी बरीही नव्हती. शेवटी १८४७ मध्ये खोटी साक्ष दिल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. पण तोवर तिची वर्षानुवर्षं धास्तीत गेली होती आणि त्या काळच्या कायद्याला अशा छळासाठी धड नावही नव्हतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ३२ वर्षांच्या अँजेलाने स्वतःहून एकाला मागणी घातली. तो होता वेलिंग्टनचा ड्यूक, वय ७७. वॉटर्लूचा विजेता म्हणून जगाला ठाऊक असलेला हा माणूस मराठी वाचकाला त्याआधीच भेटलेला असतो. १८०३ मध्ये जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली तो हाच. म्हाताऱ्या सेनापतीने दुसऱ्याच दिवशी उत्तर पाठवलं. आजोबा शोभेल अशा माणसावर आयुष्य उधळू नकोस, मी तुझा मित्र आणि वडीलधारा होऊन राहीन, असा त्याचा मथितार्थ. तो शब्द त्याने पाळला. १८५२ मध्ये मरेपर्यंत त्याने तिला शेकड्यांनी पत्रं लिहिली. हाताळायला अवघड अशा लोकांपासून तिला सावध करणं आणि पैसा जपून खर्च कर म्हणून बजावणं, हे त्यांतले मुख्य विषय. ती ऐकून घेई आणि करायचं तेच करी.

तिच्या आयुष्यातली खरी सोबत मात्र हॅना मेरेडिथ या तिच्या शिक्षिकेची होती. १८४४ मध्ये हॅनाने डॉक्टर ब्राऊनशी लग्न केलं तेव्हा नवराही याच घराच्या परिघात आला आणि तो गेल्यावर दोघी पुन्हा एकत्र राहिल्या. १८७८ च्या डिसेंबरात हॅना गेली, तेव्हा ही सोबत अर्ध्या शतकाची झाली होती.

पैसा कसा वाटायचा हे अँजेला शिकली ती चार्ल्स डिकन्सबरोबर. तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, तिशीच्या आतच प्रसिद्ध झालेला, आणि लंडनच्या गल्लीबोळांतून रात्र-रात्र पायी भटकणारा. तिच्याकडे येणाऱ्या विनंतीपत्रांची तो छाननी करी, खरी-खोटी पारखून देई. गरीब मुलांच्या ‘रॅग्ड’ म्हणजे फाटक्या म्हटल्या जाणाऱ्या शाळा पाहून त्याने तिला अहवाल लिहिले. त्याची एक कादंबरी, ‘मार्टिन चझलविट’, तिला अर्पण केलेली आहे. त्याच्या थोरल्या मुलाचं ईटनचं शिक्षण तिच्या पैशावर झालं.

१८४६ च्या मेमध्ये डिकन्सने तिला एक लांबलचक पत्र लिहिलं. रस्त्यावर देह विकणाऱ्या, किंवा तुरुंगातून सुटून पुन्हा त्याच रस्त्याकडे निघालेल्या मुलींसाठी घर कसं असावं याचा आराखडा त्यात होता. त्या काळी अशा मुलींसाठी आश्रम होते, नाही असं नाही. पण तिथे डोक्याचे केस कापत, जाडेभरडे कपडे घालायला देत आणि उठता-बसता पापाची आठवण करून देत. डिकन्सचं म्हणणं असं की मुलीला तिच्या मागच्या आयुष्याबद्दल सारखं टोचत राहिलं तर ती आठवड्याभरात पळेल, आणि बरोबरच करेल. १८४७ च्या नोव्हेंबरात लंडनबाहेर शेफर्ड्स बुशला युरेनिया कॉटेज हे घर उघडलं. एका वेळी १२–१३ मुली, दोन देखरेख करणाऱ्या बायका, मागे बाग. बागेत प्रत्येकीला फुलं लावायला आपापला तुकडा होता. लिहिणं-वाचणं, स्वयंपाक, पाव भाजणं, धुणं, शिवण हे शिकवत. वर्षभराने तयार झालेल्या मुलीला जहाजाने ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेतलं केप किंवा कॅनडाला पाठवत. तिथे तिला कुणी ओळखत नसे.

या घरात येणाऱ्या मुलीची हकिकत डिकन्स स्वतः ऐकून एका वहीत लिही आणि मग तिला बजावी की हे पुन्हा कुणाला सांगायचं नाही, घरातल्या बाईंनाही नाही. रोजच्या वागणुकीला गुण असत. खरं बोलणं, कष्ट, राग आवरणं, नीटनेटकेपणा, वेळ पाळणं, काटकसर अशी नऊ सदरं होती. गुणांचे पैसे होत आणि ते तिच्या नावावर जमा राहत. ही कल्पना ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावर कैद्यांची व्यवस्था पाहणाऱ्या कॅप्टन मॅकनोकीची. शिक्षेच्या वर्षांऐवजी स्वतः कमावलेल्या गुणांवर सुटका ठरावी, असा तिचा गाभा.

दोघांत मतभेद होत, आणि मला या प्रकरणातला तोच भाग सगळ्यात जिवंत वाटतो. अँजेला श्रद्धाळू, अँग्लिकन चर्चची निष्ठावान. या मुलींना पुढे लग्नाची आशा दाखवावी का, याबद्दल तिला शंका होती. डिकन्सला त्याशिवाय काही अर्थच वाटत नव्हता. कपड्यांवरून तर चांगलीच पत्रापत्री झाली. मुलींना साधे, मळखाऊ रंग बरे असं तिचं मत. डिकन्सने लिहिलं की कष्टकरी माणसाच्या आयुष्यात रंगाला जागा हवी, कारण कल्पनेला जागा हवी. या बाबतीत तो जिंकला असं दिसतं. पैसा तिचा असूनही ती त्याचं ऐकत होती. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर संस्थेला आपलं नाव देऊन, तसबीर लावून, वर्षातून एकदा बक्षीस समारंभाला आली असती. युरेनिया कॉटेजवर तिचं नाव कुठेच नव्हतं. डिकन्सने १८५३ मध्ये आपल्या साप्ताहिकात या घराबद्दल लेख लिहिला, त्यातही तिचा नामोल्लेख नाही.

त्या लेखातले आकडे बोलके आहेत. साडेपाच वर्षांत आलेल्या ५६ मुलींपैकी सात स्वतःहून परत गेल्या, सात पळाल्या, दहा जणींना गैरवर्तनासाठी काढून टाकावं लागलं, तिघी जहाजावरच घसरल्या. तीस जणी मात्र परदेशी जाऊन कामाला लागल्या, त्यांतल्या सात जणींची लग्नं झाली. निम्म्याहून थोडं जास्त. आजच्या कुठल्याही पुनर्वसन केंद्राने मान खाली घालावी असा हा आकडा नव्हे. डिकन्सने बेरजेत एकीची गफलत केली आहे, पण अपयश मोजून छापलं हे महत्त्वाचं. दानधर्माच्या अहवालांत ती चाल तेव्हाही दुर्मीळ होती.

याच दोघांमधलं आणखी एक पत्र आहे आणि भारतीय वाचकाने ते टाळून पुढे जाऊ नये. डिकन्सच्या वॉल्टर या मुलाला ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत कॅडेट म्हणून जागा मिळाली, तीही अँजेलाच्याच वजनाने. १६ वर्षांचा वॉल्टर १८५७ च्या उन्हाळ्यात भारताकडे निघाला, तेव्हा इकडे उठाव पेटला होता. कानपूरच्या कत्तलीच्या बातम्या लंडनला पोचल्यावर, ऑक्टोबरमध्ये, डिकन्सने अँजेलाला लिहिलं की मी भारताचा सरसेनापती असतो तर ज्या जातीच्या माथी हा कलंक आहे तिचा निःपात करायला कमी केलं नसतं. शेफर्ड्स बुशच्या मुलीला रंगीत कपडा मिळावा म्हणून भांडणारा हाच माणूस. वॉल्टर १८६३ च्या शेवटच्या दिवशी कलकत्त्यात, अंगावर कर्ज ठेवून, वयाच्या २२ व्या वर्षी वारला.

१८५८ मध्ये डिकन्सने बायकोला वेगळं केलं आणि ही मैत्री आटली. अँजेलाने समेटासाठी प्रयत्न केले, तो बधला नाही. युरेनिया कॉटेज काही वर्षांत बंद झालं. यानंतरची तिची कामं अधिक मोठी, अधिक दगडी आहेत, आणि डिकन्सची उणीव त्यांत जाणवते.

लंडनच्या पूर्व भागात, बेथनल ग्रीनमध्ये, नोव्हा स्कोशिया गार्डन्स नावाची एक ओंगळ वस्ती होती. नावात बाग, प्रत्यक्षात कचऱ्याचे डोंगर आणि पडक्या झोपड्या. १८३१ मध्ये इथे राहणाऱ्या टोळीने डॉक्टरांना प्रेतं विकण्यासाठी माणसं मारली होती. अँजेलाने ती जागा घेतली आणि हेन्री डार्बिशायर या वास्तुविशारदाकडून तिथे कोलंबिया स्क्वेअर बांधून घेतला. १८६२ पर्यंत चार मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. सुमारे १८० कुटुंबांची सोय, वरच्या मजल्यावर धुणं-वाळवणाची जागा, वाचनाची खोली. कामगारांसाठी नमुनेदार घरं बांधण्याचा लंडनमधला हा सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक, आणि तो चालला.

मग शेजारी तिने बाजार बांधला. गरिबाला अन्न महाग आणि भेसळीचं मिळतं, हातगाडीवाले उन्हापावसात उभे राहतात, तेव्हा त्यांना छताखाली आणावं, असा विचार. विचारात चूक काहीच नव्हती. पण २८ एप्रिल १८६९ रोजी उघडलेला कोलंबिया मार्केट पाहिला तर तो बाजार वाटण्याऐवजी कॅथीड्रल वाटावा. गॉथिक कमानी, उंच मनोरा, ग्रॅनाइटचे खांब आणि भिंतींवर संयमाने वागा, सभ्यपणे बोला अशा अर्थाची धर्मवचनं. खर्च झाला दोन लाख पौंड. शिव्या देता येत नाहीत, रविवारी माल विकता येत नाही, अशा बाजारात जायचं कशाला, असा फेरीवाल्यांनी विचार केला. त्यांचं गिऱ्हाईक शनिवारी रात्री पगार घेऊन यायचं आणि रविवारी सकाळी रस्त्यावरच खरेदी करायचं. घाऊक बाजारांतल्या बड्या व्यापाऱ्यांना हा प्रतिस्पर्धी नको होताच. दोन वर्षांत तिने तो लंडनच्या महापालिकेला देऊन टाकला. महापालिकेने तीन वर्षांनी परत केला. मासळी बाजार करून पाहिला, तोही फसला. १८८६ च्या सुमारास दारं बंद झाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यात ती वास्तू पाडून टाकली. त्याच रस्त्यावर आज दर रविवारी फुलांचा बाजार भरतो, उघड्यावर, भरपूर आरडाओरडा करत, आणि पाय ठेवायला जागा नसते.

पण याच फेरीवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं, ते निराळ्याच कारणासाठी. त्यांच्या गाड्या गाढवं ओढत आणि त्यांना रात्री बांधायला धड जागा नसे. तिने गाढवांसाठी तबेले बांधून दिले, गाढवांची प्रदर्शनं भरवली, धडधाकट, नीट राखलेल्या गाढवाच्या मालकाला बक्षीस ठेवलं. मारहाण थांबवा असा उपदेश करण्यापेक्षा हा उपाय कितीतरी शहाणपणाचा. फेरीवाल्यांनी वर्गणी काढून तिला चांदीचं गाढव भेट दिलं. दोन लाख पौंडांच्या मनोऱ्याने जे साधलं नाही ते थोड्या गवताने आणि छपराने साधलं. बाईंच्या कामांची यादी चाळताना हे पुन्हापुन्हा दिसतं. माणसाची गरज जवळून पाहून उचललेलं लहान काम टिकतं, आणि लोकांना सुधारण्यासाठी उभारलेलं भव्य काम कोसळतं.

क्रिमियाच्या युद्धातलं उदाहरण असंच. १८५५ मध्ये स्कुतारीच्या इस्पितळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल जखमी सैनिकांची शुश्रूषा करत होती. ओल्या चादरी, ओले सदरे वाळत नव्हते आणि रोगराई पसरत होती. अँजेलाने डिकन्सच्या मदतीने ब्लूम्सबरीच्या जीक्स नावाच्या इंजिनिअरकडून कपडे वाळवण्याचं एक यंत्र बनवून घेतलं आणि सुटे भाग करून जहाजाने तिकडे पाठवलं. खर्च १५० पौंड. ओल्या कपड्यांचा मोठा ढीग त्यात अर्ध्या तासाच्या आत वाळे.

आयर्लंडच्या दक्षिण टोकाला, बाल्टिमोर आणि केप क्लिअर बेटाच्या भागात, १८६० च्या दशकात उपासमार होती. तिने आधी धान्य पाठवलं, मग तिथल्या पाद्र्याच्या सल्ल्याने मच्छीमारांना नव्या होड्यांसाठी बिनव्याजी कर्ज दिलं. दान नव्हे, कर्ज. सावकाराची नात ती. मच्छीमारांनी ते फेडलं, आणि १८८७ मध्ये बाल्टिमोरला मासेमारीची शाळा निघाली तेव्हा उद्घाटनाला तीच गेली. १८८० मध्ये आयर्लंडात बटाट्याचं पीक बुडालं, तेव्हा बियाण्यासाठी तिने सरकारला अडीच लाख पौंड देऊ केले होते. एका खाजगी बाईने देशाच्या तिजोरीला मदत देऊ करावी, याचा सरकारवर काय परिणाम झाला असेल ते सांगायला नको. बियाण्याचा कायदा त्याच वर्षी झाला आणि तिचा पैसा लागला नाही.

बाकीची यादी लांब आहे आणि थोडी चक्रावून टाकणारी. वेस्टमिन्स्टरमध्ये बापाच्या स्मरणार्थ चर्च आणि शाळा. केप टाऊन, ॲडलेड आणि ब्रिटिश कोलंबिया इथे बिशपच्या गाद्या. जेरुसलेमच्या लोकांना स्वच्छ पाणी मिळावं म्हणून त्या शहराच्या मोजणीला ५०० पौंड. पाणी काही आलं नाही, पण १८६४–६५ मधल्या त्या मोजणीने जेरुसलेमच्या पुरातत्त्वाचा पाया घातला. डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅमच्या गुहेत उत्खननासाठी मदत. तिथे नामशेष प्राण्यांच्या हाडांबरोबर माणसाने घडवलेली दगडी हत्यारं सापडली आणि माणूस किती जुना आहे हा वाद निकालात निघायला मदत झाली. ऑक्सफर्डला भूगर्भशास्त्राची शिष्यवृत्ती, जिथे तिला स्वतःला प्रवेश मिळाला नसता. मधमाश्या पाळणाऱ्यांच्या संघाचं अध्यक्षपद, शेळ्या पाळणाऱ्यांच्याही. धन्याच्या थडग्याजवळ वर्षानुवर्षं बसून राहिलेल्या कुत्र्याचा एडिंबरोमधला प्रसिद्ध पुतळा तिनेच उभारला. बोर्निओतल्या सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रूक याला तिने कर्ज दिलं, एक सशस्त्र आगबोट घेऊन दिली आणि त्याने काही काळ आपलं सगळं राज्य मृत्युपत्रात तिच्या नावावर लिहून ठेवलं होतं. अनोळखी मुलुखातले हजारो लोक एका इंग्रज बाईच्या वारशात जमा होण्यात काही वावगं आहे, हे दोघांच्याही मनात आलेलं दिसत नाही. साम्राज्याकडे ती धर्मकार्य म्हणूनच पाहत होती.

१८७१ मध्ये राणीने तिला बॅरोनेस केलं. कुणाची मुलगी किंवा बायको म्हणून नव्हे, स्वतःच्या कामासाठी असा किताब मिळवणारी ती पहिली स्त्री. पुढच्या वर्षी लंडन शहराचं मानाचं नागरिकत्व मिळालं, तेही स्त्रियांत पहिलंच. किताब मिळाला तरी लॉर्ड्सच्या सभागृहात तिला बसता येत नव्हतं. त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीपासून ती दूरच राहिली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी तिने ‘वुमन्स मिशन’ हे इंग्लंडातल्या स्त्रियांच्या सेवाकार्याचं पुस्तक संपादित केलं, त्यातही स्त्रीचं खरं क्षेत्र सेवा हेच. स्वतः मात्र ती मंत्र्यांना खडसावत होती आणि सुलतानाकडून पदक घेत होती.

ते पदक १८७७–७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धातलं. निर्वासितांसाठी तिने निधी उभा केला आणि त्याचं वाटप करायला विल्यम ॲशमीड बार्टलेट या आपल्या तरुण चिटणिसाला पाठवलं. उमदा, हुशार, जन्म अमेरिकेत, आईवडील अमेरिकन. त्याच सुमारास हॅना गेली. मोठ्या घरात एकटी उरलेली अँजेला ६६ वर्षांची झाली होती आणि तो २९ वर्षांचा. तिने लग्नाचा बेत जाहीर केला तेव्हा लंडनमध्ये भूकंप झाला. राणीने वेड म्हटलं, आर्चबिशपपर्यंत मध्यस्थ धावले, बँकेतल्या भागीदारांनी मृत्युपत्र काढून परदेशी नवऱ्याचं कलम दाखवलं. जन्मभर सगळ्यांचा सल्ला नुसता ऐकून घेतलेली ही बाई इथेही हलली नाही. १२ फेब्रुवारी १८८१ ला लग्न झालं. वेलिंग्टनला मागणी घालणाऱ्या मुलीचा हट्ट ३४ वर्षांनी पुन्हा वर आला, एवढाच मी त्याचा अर्थ लावतो. वयाचा आकडा तेवढा उलटा झाला होता.

बार्टलेट कायद्याने परका ठरतो की नाही, यावर वकील भिडले. अखेर तडजोड झाली. उत्पन्नाचे पाचातले तीन भाग बहीण क्लाराकडे, दोन भाग अँजेलाकडे. नवऱ्याने बायकोचं नाव घेऊन बर्डेट-कूट्स लावलं, पुढे वेस्टमिन्स्टरचा खासदार होऊन ३६ वर्षं राहिला. दान चालू राहिलं, पण आखडत्या हाताने. पूर्वी न विचारता पाठवले जाणारे पैसे आता हिशोब पाहून जाऊ लागले. लंडनमध्ये मुलांवरचा अत्याचार रोखणारी संस्था १८८४ मध्ये निघाली, तिच्या संस्थापकांत ती होती.

३० डिसेंबर १९०६ ला, ९२ व्या वर्षी, ती ब्राँकायटिसने गेली. स्ट्रॅटन स्ट्रीटच्या घरात दोन दिवस सुमारे ३०,००० लोक दर्शन घेऊन गेले आणि ५ जानेवारीला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. हयातभरात तिने ३० लाख पौंडांहून जास्त वाटले असा अंदाज आहे.

क्लाराकडे गेलेल्या पैशाचं काय झालं, ही एक वेगळीच गंमत. क्लाराचा मुलगा फ्रान्सिस मनी-कूट्स हा बँकेच्या संपत्तीचा वारस, पण त्याला वेड कवितेचं आणि नाटकाचं. आपण लिहिलेल्या ऑपेरांना संगीत द्यायला त्याला कुणीतरी हवा होता. १८९० च्या दशकात त्याने आयझॅक अल्बेनिझ या स्पॅनिश पियानोवादकाशी करार केला आणि त्याला वर्षानुवर्षं तनखा दिला. मनी-कूट्सचे ऑपेरा आज फारसं कुणी ऐकत नाही. पण त्या तनख्याच्या निश्चिंतीत, १९०५ ते १९०८ दरम्यान, अल्बेनिझने ‘इबेरिया’ लिहिली. पियानोसाठी लिहिलेल्या स्पॅनिश संगीतातली ती सर्वांत मोठी रचना मानतात. परदेश्याच्या हाती पैसा जाऊ नये म्हणून हॅरियट मेलनने घातलेल्या कलमाने अँजेलाचं उत्पन्न निम्म्याच्याही खाली आणलं, आणि तोच कूट्सचा पैसा पुढच्या पिढीत एका स्पॅनिश माणसाचं घर चालवत होता.